बुर्गलची ई-फ्लॅट

संगीतातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नोकरीभर मी नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात नकाशे तपासले, गाव मला अजून इन्स्पेक्टर म्हणतं, आणि माझी बायको वाल्बुर्गा, घरात बुर्गल, आमच्या चर्चचा ऑर्गन वाजवायची. घरात कामाची वाटणी ठरलेली होती. भिंत सरळ आहे की नाही ते मी सांगायचं, सूर सरळ आहे की नाही ते तिने. कपबशा विसळताना मी काही गुणगुणायला लागलो की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "सेव्हरिन, अर्धी पायरी खाली ये." मी यायचो. कुठून कुठे आलो ते मला कधी कळलं नाही, पण ती गप्प व्हायची, म्हणजे पोचलो असणार.

बुर्गल गेली त्याला मार्चमध्ये वर्ष होत होतं. वर्षाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली स्मरणाची उपासना, आमच्या गावात सगळ्यांचीच होते, आणि मग समोरच्या खानावळीत सूप आणि उकडलेलं गोमांस. त्यात विशेष काही नसतं. पण शेवटच्या हिवाळ्यात अंथरुणात बसून बुर्गलने चार ट्रॉम्बोन, म्हणजे नळी सरकवून वाजवायचे पितळी कर्णे, आणि ऑर्गन यांच्यासाठी एक छोटी रचना बांधली होती.

"ही माझ्या वर्षाच्या मिस्सेला वाजवायची," ती म्हणाली. "ई-फ्लॅटमध्ये. कुणीतरी सोयीसाठी पट्टी बदलायला बघेल. बदलू द्यायची नाही."

"पट्टीने काय बिघडतं?" मी म्हणालो. "चाल तीच ना?"

"तुझ्या नकाशावरचं घर उचलून शेजारच्या गल्लीत ठेवलं तर चालेल? घर तेच ना?"

हे मला पटलं. आमच्या खात्यात एकदा तसं खरोखर झालं होतं आणि ते निस्तरताना माझे केस गेले.

मग तिने मला पट्ट्या समजावल्या. सी म्हणजे धुऊन वाळत घातलेले कपडे. डी म्हणजे मिरवणूक, पुढे घोडे, मागे नगराध्यक्ष. एफ म्हणजे कुरणात आडवं पडणं. "आणि ई-फ्लॅट," ती म्हणाली, "म्हणजे उशीर झालाय, पण घरी कुणीतरी दिवा लावून बसलंय." मी मान डोलावली. माझ्याकडे सोपवलेलं काम एवढंच होतं, की दिव्याच्या ठिकाणी घोडे येऊ द्यायचे नाहीत.

जानेवारीत मी कपाट उघडून ते कागद काढले. सुरांची नावं मला वाचता येत नाहीत, पण एकाच इमारतीचे पाच नकाशे समोर आले तर ते एकमेकांशी जुळतात का, एवढं मी झोपेतही बघू शकतो. चार ट्रॉम्बोनच्या कागदांवर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तीन कोमल खुणा होत्या. ऑर्गनच्या कागदावर दोन तीव्र.

मी चष्मा पुसला. खुणा तशाच राहिल्या.

बुर्गलच्या पुस्तकांत मागे एक तक्ता असतो, तो काढून पाहिला. तीन कोमल म्हणजे ई-फ्लॅट. दोन तीव्र म्हणजे डी. म्हणजे चौघं जण दिवा लावून बसणार आणि पाचवा घोडे घेऊन दारात येणार.

 त्या हिवाळ्यात तिला वेदनाशामक औषधं चालू होती, जड औषधं. तरी ती शब्दकोडं पेनने सोडवायची, पेन्सिलीने नाही, आणि मी ते सगळ्यांना सांगायचो. तसं सांगायची वेळच यायची. शेजारच्या क्रोइसबाई, म्हणजे फ्राउ क्रोइस, कुंपणापलीकडून नेहमी म्हणायच्या, "शेवटी शेवटी बिचारीला काही सुचत नव्हतं असं लोक म्हणतात हो, इन्स्पेक्टर. मी नाही म्हणत." कारण काय, तर नाताळात बुर्गलने एक कडवं दोनदा वाजवलं होतं. फादर प्रसादाचा पेला शोधत होते, तोवर वेळ काढायला वाजवलं होतं. पण गावाला पेला दिसला नाही, कडवं दिसलं.

आता हा कागद गावाच्या हाती लागला असता तर माझ्या शब्दकोड्याला कुणी विचारलं नसतं.

तेव्हा मी ठरवलं, की चूक गुपचूप दुरुस्त करायची. नकाशा दुरुस्त करणं मला नवं नव्हतं. पण आधी खात्री हवी, म्हणून मी आमच्या नव्या ऑर्गनवादकाकडे गेलो. मागिस्टर लोइबल, मागिस्टर ही त्यांची पदवी, शाळेत संगीत शिकवतात, सप्टेंबरात लिंझहून आले; तोवर ऑर्गन बंदच होता. तरुण, विद्वान, आणि एक प्रश्न विचारला तर तीन उत्तरं देणारे.

"समजा," मी म्हणालो, "एखाद्याने श्रद्धांजलीची रचना डी मध्ये बांधली."

"अशक्य," लोइबल म्हणाले. "डी ही विजयाची पट्टी. तुताऱ्या, नगारे, राजे. जुन्या लोकांनी यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. श्रद्धांजलीला ई-फ्लॅट. प्रेम, प्रार्थना, देवाशी बोलणं. तीन कोमल खुणा, पिता, पुत्र, पवित्र आत्मा या त्रयीसारख्या. ज्याला कान आहेत तो ही गल्लत करणार नाही."

"आणि समजा एका कागदावर ई-फ्लॅट आणि दुसऱ्यावर डी असेल?"

लोइबल हसले. "मग तो माणूस दमला असेल, इन्स्पेक्टर. किंवा आजारी."

मी आभार मानून बाहेर आलो. बर्फ पडत होतं. मी टोपी आत विसरलो होतो, पण परत गेलो नाही.

कागद गावात कुणाकडे देणं शक्य नव्हतं. म्हणून बस पकडून मी पलीकडच्या गावातल्या संगीत शाळेत गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "रचना कुणाची?" मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हणालो, "माझी."

आयुष्यात मी कधी खोटी सही केली नाही, आणि या वयात संगीतकार झालो.

बाई ऑर्गनच्या कागदावरून पियानो वाजवू लागल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "हा दुसऱ्या भागातला उतार कुठून सुचला हो तुम्हाला?"

"जिन्यावरून," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. "पण डी का घेतलीत? चाल तर अजिबात डी ची नाही. इतकी आतल्या आवाजातली चाल, आणि पट्टी मिरवणुकीची."

"तेच बदलायचंय. ई-फ्लॅट करून द्या."

"बरं झालं तुमचं तुम्हाला कळलं. हौशी लोकांना कळत नाही."

बुर्गलच्या वाट्याची ही 'हौशी' मी खाली मान घालून घेतली. नवा कागद तयार झाला, तीन कोमल खुणांचा, सुबक छापलेला. जुन्या कागदाचं काय करायचं? शेगडीत टाकायला मी दोनदा काढला. तिचं अक्षर होतं त्यावर. शेवटी घडी घालून काळ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. तो कोट मी फक्त चर्चसाठी घालतो, तेव्हा तिथे कुणाचा हात जायचा प्रश्न नव्हता.

आता पाचही नकाशे जुळत होते.

पुढची अडचण तालमीची. ट्रॉम्बोनचे चौघे तयार होते. त्यांचा म्होरक्या हाइमो ग्शाइडर, आमचा खाटीक, सगळ्यात जाड ट्रॉम्बोन वाजवतो. तो म्हणाला, "ई-फ्लॅट ना? मग काळजी सोडा, इन्स्पेक्टर. ई-फ्लॅट म्हणजे आमचं पोट भरल्यानंतरची पट्टी. डी असती तर ओठ सोलून निघाले असते." मी खिशाला हात लावला आणि मनात म्हटलं, वाचलो.

पण ऑर्गन चर्चच्या माडीवर आहे, आणि तिथे तालीम करायची तर पॅरिशची, म्हणजे चर्चच्या कार्यालयाची, परवानगी लागते. तिथे फ्राउ मागर बसतात. त्या म्हणाल्या, "माडीवर तालीम नाही करता येणार. तुळईला तडा आहे."

"मग मिस्सेला ते वर कसे जाणार?"

"मिस्सेला जाता येतं. मिस्सा ही उपासना आहे. तालीम हा कार्यक्रम आहे. कार्यक्रमाला बंदी."

"तुळई तीच ना पण?"

"तुळई तीच. नियम वेगळा."

"हा नियम केला कुणी?"

त्यांनी फाईल काढून माझ्यासमोर फिरवली. खाली सही माझी होती. अक्षर चांगलं होतं तेव्हा.

"सूट देता येईल," फ्राउ मागर म्हणाल्या, "पण त्यासाठी बांधकाम खात्याचा तपासनीस येऊन पाहून जायला हवा. तुमच्यानंतर ती जागा भरलेली नाही."

म्हणून तालीम बँडच्या खोलीत झाली. लोइबल यांनी शाळेतला विजेवर चालणारा पियानो आणला. मी कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसलो. फ्राउ क्रोइसही आल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या केक घेऊन आल्या होत्या, आणि केकला कुणी परत पाठवत नाही.

ते वाजवायला लागले आणि पाच कागद एकत्र कसे वागतात ते मी पहिल्यांदा ऐकलं. मला कळलं असं म्हणणार नाही. पण बाहेरून थंडीतून आल्यावर कोट काढताना जसं वाटतं, तसं वाटलं. फ्राउ क्रोइस रडल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "डोकं शाबूत होतं हो बाईचं. मी म्हणतच होते."

त्या काय म्हणत होत्या ते सगळ्या गावाला माहीत होतं. तरी मी केकचा दुसरा तुकडा घेतला.

"एक सांगू का मागिस्टर," त्या पुढे म्हणाल्या, "राग मानू नका. बुर्गल होती तोवर ठीक होतं, आता चर्चमध्ये गायला धाप लागते. वरच्या स्वराला पोचताना माझ्या डोळ्यांपुढे काजवे येतात."

"वय," लोइबल म्हणाले.

"गेल्या मार्चपर्यंत मी काय अठराची होते?"

सगळे हसले. मीही हसलो. तिथेच मी तपासनीस म्हणून नापास झालो, पण ते कळायला अजून तीन दिवस होते.

मिस्सेच्या दिवशी चर्च भरलं होतं. मी पहिल्या बाकावर, काळा कोट, खिशात कागद. रचना प्रसादाच्या वेळी वाजायची होती. तोवरची गाणी नेहमीची, आणि वरच्या स्वरांना मागून धापा ऐकू येत होत्या. माझं लक्ष नव्हतं.  मी मनात म्हणत होतो, बुर्गल, पट्टी बदलू दिली नाही. उलट होती ती चूक झाकली. कुणाला कळायचं नाही.

लोक रांगेत पुढे सरकू लागले. माडीवर ट्रॉम्बोननी पहिला स्वर धरला, मऊ, खालचा. छान वाटलं. मग त्यात ऑर्गन आला.

ते कसं होतं ते सांगणं अवघड आहे. मागे आमच्या गावात पुलाचं काम झालं. दोन्ही काठांवरून बांधत आणलेला पूल मध्ये आला, तेव्हा दोन टोकांत वीतभर उंचीचा फरक होता. त्या दिवशी काठावर उभ्या लोकांनी जसा श्वास आत घेतला, तसा चर्चने घेतला. दातांत काहीतरी करकरलं. फादरांच्या हातातली भाकरी थांबली.

हाइमो जुना वादक. त्याला वाटलं आपलंच चुकलं, म्हणून त्याने नळी आत ओढून स्वर चढवला. बाकी तिघांनी तेच केलं, पण प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने. आता एकाऐवजी चार पूल अर्धवट लोंबत होते. लोइबल यांनी आवाज वाढवला, मग एकदम कमी केला, मग सगळेच थांबले.

शांततेत माझ्या मागच्या बाकावरून कुजबूज आली. "अरेरे. शेवटी शेवटी सुचतच नव्हतं ना तिला."

फ्राउ क्रोइस नव्हत्या त्या. त्यांच्यामागे बसलेली कुणी. पण ज्या वाक्याला मी कपाटापुढे, बसमध्ये, शेगडीपुढे घाबरत आलो होतो ते वाक्य आता चर्चमध्ये होतं, आणि ते मी स्वतःच आणून सोडलं होतं, फक्त ते मला अजून कळलं नव्हतं. मी पुलाचाच विचार करत होतो. पूल का चुकला होता? एका काठाचा नकाशा जुना होता. आमचे जुने नकाशे चर्चच्या उंबऱ्याला शून्य धरून काढलेले, नवे समुद्राला धरून. आमच्या देशाला समुद्र राहिलेला नाही, तरी उंची त्याच्यावरूनच मोजतो. त्या पुलानंतर खात्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी एकच वाक्य शिकवत आलो. आधी शून्य विचारा, मग आकडा वाचा. दोन कागदांवर वेगवेगळे आकडे आणि जागा एकच, असं असू शकतं. आकडे सारखे करायला जाल तर पूल पडेल.

माझा हात आतल्या खिशाकडे गेला.

मी उठलो. प्रसादाच्या रांगेच्या उलट दिशेने चालत गेलो, आणि लोकांना वाटलं म्हाताऱ्याला सहन झालं नाही. माडीच्या जिन्याशी पाटी आहे, एका वेळी सहा माणसं. वर पाच होती. गुडघा दुखत होता, पण मी नियमात बसत होतो.

वर लोइबल पांढरेफटक पडले होते. मी बुर्गलचा कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"इन्स्पेक्टर, ही डी आहे," ते पुटपुटले.

"वाजवा."

"अहो पण डी ही मिरवणुकीची..."

"मागिस्टर, तुमचं शून्य कुठे आहे?"

 समजावायला वेळ नव्हता. मी हाइमोला म्हणालो, "तुझा ई-फ्लॅट दे. हळू." त्याने दिला. "आता मागिस्टर, तुमचा." लोइबल यांनी ऑर्गनच्या ई-फ्लॅटच्या पट्टीवर बोट ठेवलं. पुन्हा दातांत करकरलं. "खालची दाबा." त्यांनी लगतची खालची पट्टी दाबली. ती डी होती.

करकर थांबली. दोन स्वरांमध्ये सुरीचं पातंही गेलं नसतं.

लोइबल यांचे कान लाल झाले. "हा ऑर्गनच अर्धा स्वर वर आहे," ते म्हणाले. "अडीचशे वर्षांचा आहे. तेव्हा गावागावाचं माप वेगळं असायचं. आणि मी सप्टेंबरपासून... म्हणून लोकांना धाप..."

"नंतर," हाइमो म्हणाला. "फादर वर बघतायत."

त्यांनी सुरुवातीपासून घेतलं. लोइबल यांच्या डोळ्यांपुढे डी होती, बोटांखाली डी होती, आणि चर्चमध्ये जे उतरत गेलं ते ई-फ्लॅट होतं. मी ऑर्गनच्या कडेला, जिथे पानं उलटायला माणूस उभा राहतो तिथे उभा होतो. कागद एकच होता, उलटायला काही नव्हतं. तिचं अक्षर ओळीच्या शेवटी जरा खाली झुकतं, ते बघत होतो. एवढी वर्षं ती त्या बाकावर बसून लिहिलेल्यापेक्षा अर्धी पायरी खाली वाजवत आली होती, दर रविवारी, प्रत्येक गाणं, म्हणजे ट्रॉम्बोन जुळावेत आणि फ्राउ क्रोइसना काजवे दिसू नयेत. कुणाला बोलली नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नसेल. आणि या एका कागदावर, तिच्यानंतर तिथे बसणाऱ्याला ते माहीत नसणार म्हणून, तिने स्वतः पायरी उतरून ठेवली होती. माझ्या हाती द्यायच्या आधी.

खाली कुणी खोकलं नाही. मार्चमध्ये आमच्या चर्चमध्ये हे सहसा होत नाही.

खानावळीत सूप आलं तरी कुणी विषय काढेना. सगळे माझ्याकडे बघून पटकन बशीकडे बघत होते. आता गप्प बसलो तर ते कुजबुजलेलं वाक्य आयुष्यभर गावात राहणार, हे मला दिसत होतं. मी उभा राहिलो. भाषणाची सवय नाही मला.

"आधी जे ऐकलंत ना," मी म्हणालो, "ते माझं होतं. बुर्गलने बरोबर लिहिलं होतं. मी ते दुरुस्त केलं. नंतर ऐकलंत ते तिचं."

फ्राउ क्रोइसनी चमचा खाली ठेवला.

"तरी म्हटलं," फ्राउ क्रोइस म्हणाल्या, "इतकं वाईट तिच्या हातून कसं होईल."

"इन्स्पेक्टर," हाइमोने टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून विचारलं, "दुसरं काही रचलंत का? आधीच सांगून ठेवा, आम्ही त्या दिवशी परगावी जाऊ."

लोक हसले, आणि मग गोमांस आलं. लोइबल माझ्याशेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, की तो कागद ऑर्गनपाशीच राहू द्याल का. मी म्हणालो, राहू दे. मग म्हणाले, रविवारपासून मी सगळीच गाणी अर्धी पायरी खाली घेईन, पण मला कागद बघता बघता मनात पट्टी बदलून वाजवता येत नाही, लिहून काढावी लागतील. मी म्हणालो, लिहा. फक्त कुणाला दुरुस्त करायला देऊ नका.

घरी आलो. कोट अडकवला. आतला खिसा रिकामा होता, तो उगाचच एकदा चाचपला. सकाळच्या कपबशा तशाच पडल्या होत्या, त्या विसळायला घेतल्या, आणि विसळता विसळता तो दुसऱ्या भागातला उतार माझ्या तोंडात आला, जिन्यावरून उतरल्यासारखा.

दोन ओळी झाल्या. आतल्या खोलीतून काही आवाज आला नाही.

मी नळ बंद केला, जरा थांबलो. मग माझा मीच अर्धी पायरी खाली आलो, आणि पुढे चालू केलं.